पंपघरातला बोर्ड आणि ताजा कर्नल

पनवेलमध्ये नळाला पाणी कधी येतं आणि वीज कधी जाते, याचा हिशेब घरोघर ठेवला जातो. आमच्या सोसायटीत हे काम पंपघरात, प्लास्टिकच्या डब्यात बसवलेला ऑरेंज पाय पीसी करतो. २०१५ साली बाजारात आलेला हा बोर्ड, त्यावर ऑलविनरची एच३ चिप आणि १ जीबी रॅम. टाकीतले फ्लोट स्विच त्याला जोडलेत आणि तो स्वतः सोसायटीच्या नेटवर्कवर आहे. नेटवर्कवर आहे म्हणूनच त्याचा कर्नल, म्हणजे त्यावरच्या लिनक्सचा गाभा, जुना ठेवून चालत नाही.

असा बोर्ड विकत घेतला की सोबत मिळायचा तो कंपनीचा ३.४ कर्नल, म्हणजे मुळात २०१२ सालचा. मे २०१६ मध्ये उघडकीस आलं की ऑलविनरच्या त्या कर्नलमध्ये चाचणीसाठी केलेली एक सोय तशीच राहिली होती. ठरावीक फाइलमध्ये ‘रूटमायडिव्हाइस’ एवढा शब्द लिहिला की कुठल्याही प्रोग्रॅमच्या हाती यंत्राचे सर्वाधिकार! अशा कर्नलवर पंप सोपवायला माझं मन धजत नाही.

वाट निघाली ती मेनलाइनमधून, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स सांभाळतात त्या मूळ कर्नलमधून. एच३ तिथे आणली ती मुख्यतः ऑलविनरच्या चिपांवर काम करणाऱ्या सनक्सी गटातल्या स्वयंसेवकांनी, अपुऱ्या कागदपत्रांवर. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेला, आयआयटी मुंबईने पुढे नेलेला आकाश-२ टॅब्लेट आठवतो का? त्यात ऑलविनरचीच ए१३ होती. त्यावरचं अँड्रॉइड ४ केव्हाच मागे पडलं, पण ए१३ मेनलाइनमध्ये आजही आहे. म्हणून बोर्ड घेताना मी किंमत नंतर बघतो. त्याची डिव्हाइस ट्री फाइल, म्हणजे बोर्डवर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणारी यादी, मूळ कर्नलमध्ये आहे का, ते आधी.

बदल करायचा तर सुरुवात सिरियल केबलपासून. बोर्डवर तीन पिनांची जागा असते: ग्राउंड, पाठवणारी, घेणारी. केबल ३.३ व्होल्टची हवी. ५ व्होल्टच्या केबलने चिप जाऊ शकते. पावसाळ्यात दमट हवेने पिना काळवंडतात, त्या आधी पुसून घ्यायच्या. मग लॅपटॉपवर ११५२०० चा वेग लावून वीज सुरू करायची.

पहिली ओळ उमटते ‘यू-बूट एसपीएल’. यू-बूट म्हणजे कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर, आणि एसपीएल हा त्याचा पहिला छोटा भाग. खरी गंमत इथे आहे. वीज मिळते त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते. चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम एसडी कार्डाच्या ८ केबी या ठिकाणाहून अगदी छोटा एसपीएल उचलतो आणि चिपच्याच इवल्याशा मेमरीत चालवतो. एसपीएल रॅम जागी करतो. या बोर्डासाठी यू-बूटने ठरवलेला वेग ६२४ मेगाहर्ट्झ. ‘डीरॅम: १०२४ एमआयबी’ दिसलं की जीव भांड्यात पडतो. मग पूर्ण यू-बूट येतो, तो कर्नल आणि डिव्हाइस ट्री वाचून रॅममध्ये ठेवतो आणि ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून बाजूला होतो.

पुष्कळ जण कर्नल बदलतात आणि बूटलोडरला हात लावत नाहीत. मला ते पटत नाही. रॅमची मांडणी, कार्ड वाचणं, डिव्हाइस ट्री हाती देणं ही सगळी त्याची कामं, आणि तिथल्या चुकाही नव्या आवृत्त्यांतच दुरुस्त होतात. यू-बूटच्या आवृत्तीचं नाव वर्ष आणि महिन्यावरून पडतं, त्यामुळे कार्डावरचा किती जुना आहे ते पहिल्याच ओळीत कळतं. नवा मात्र आधी दुसऱ्या कार्डावर लिहून चालवून बघायचा. चालतं कार्ड तोवर खिशात.

कर्नल मी दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या शाखेतला घेतो, ६.१२ ही तशीच एक. तो लॅपटॉपवर एआरएमसाठी बांधायचा, कारण बोर्डवर बांधायला बसलं तर तासन्‌तास जातात. कुठला कर्नल सुरू करायचा ते यू-बूट ज्यातून वाचतो, त्या एक्स्टलिनक्सच्या फाइलमध्ये नव्या कर्नलच्या नोंदीखाली जुन्याची नोंद राहू द्यायची. नवा अडला तर सिरियलवरून जुना निवडता येतो.

शेवटची परीक्षा पनवेलच्या पावसाळ्याला साजेशी: बोर्ड चालू असताना मुद्दाम प्लग काढायचा, थोडं थांबून परत लावायचा. फाइल सिस्टिम धड उघडली, नेटवर्क आलं, फ्लोट स्विच वर-खाली केल्यावर नोंद बरोबर पडली, की झाकण लावायचं. जुन्या कर्नलची नोंद पुढचा बदल येईपर्यंत काढायची नाही.