किलोभर कापसाला किती हात लागतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझे मोठे भाऊ वळच्या एका गोदामात रात्रपाळीला असतात. वळ हे भिवंडी तालुक्यातलं गाव. अंजूरफाट्याहून दापोड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या उंच छपरांच्या रांगा सुरू होतात, त्यातच हे गाव दडलेलं आहे. आमच्या लहानपणी इथं भाताची खाचरं होती. भाईजान तेव्हा भिवंडीत आमच्या वडिलांच्या मागांवर काम शिकत होते. पुढं त्या आठ मागांचे तेच मालक झाले. काही वर्षांपूर्वी ते माग त्यांनी किलोच्या भावानं भंगारात विकले, आणि आता ते वळला परदेशातून आलेली खोकी मोजतात.

देशाचा परदेशी व्यापार आणि देशातला रोजगार, हा विषय मला बोलायला दिला तेव्हा मला आधी भाईजान आठवले. मी कवी माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्राचा एक पेपर होता, तो कसाबसा सुटला. तरीही मागाच्या खटखटीत वाढल्यामुळं या विषयातली एक गोष्ट मला दिसते. ती सांगतो.

जून २०२० मध्ये एक बातमी आली होती. मालाच्या व्यापारात भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त झाली. असं अठरा वर्षांनी घडत होतं. हिशेबाच्या वहीत ही आनंदाची गोष्ट. पण त्या जूनमध्ये भिवंडी कशी होती? ज्या गावात रात्री दोन वाजताही मागांचा आवाज थांबत नाही, तिथं दिवसाढवळ्या कावळ्यांची कावकाव ऐकू येत होती. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरला श्रमिकांची खास गाडी सुटली होती. ज्यांना गाडी मिळाली नाही, ते नाशिकच्या महामार्गानं चालत निघाले होते. देशानं बाहेरून तेल, सोनं, यंत्रं घेणंच जवळपास थांबवलं होतं, म्हणून शिल्लक दिसत होती. घरात चूल पेटली नाही तर वाण्याचं बिल कमी येतं, तशातला हा प्रकार.

तेव्हापासून व्यापाराचा आकडा वाचला की मी एक प्रश्न विचारतो: यात हात किती? व्यापार डॉलरमध्ये मोजतात, हात त्यात मोजलेच जात नाहीत. २०२४-२५ मध्ये आपण सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल आणि सुमारे ३८७ अब्ज डॉलरच्या सेवा बाहेर विकल्या. सेवांमध्ये मोठा वाटा संगणकाच्या कामाचा. त्या धंद्यात पन्नास-साठ लाख माणसं आहेत, आणि ती शिकलेली, शहरी. मालाच्या निर्यातीत शुद्ध केलेलं तेल, यंत्रसामग्री, औषधं, मोबाइल फोन ही नावं वरच्या रांगेत आहेत. तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यात डॉलर भरपूर निघतात, माणसं थोडी लागतात. उलट कापड आणि कपड्यांच्या धंद्यात साडेचार कोटी लोक आहेत असं सरकार सांगतं. त्याची निर्यात मात्र चाळीस अब्जांच्याही आत. अर्थात यातला बराचसा माल देशातच खपतो, हे सांगायला हवं. तरी तागडीची दोन पारडी कशी आहेत ते दिसतं.

आता किलोभर कापूस घ्या. तो गाठीत बांधून तसाच बाहेर पाठवला, तर त्याला शेतकऱ्याचे, वेचणाऱ्या बायकांचे आणि जिनिंगवाल्यांचे हात लागले. त्याचं सूत काढलं तर सूतगिरणीची भर पडली. पण आजच्या सूतगिरणीत हजारो चात्यांवर मोजकी माणसं असतात. त्याचं कापड विणलं की कांडीवाला आला, बीम भरणारा आला, विणकर आला, जॉबर आला, तागे तपासणारा आणि घड्या घालणारा आला. ते रंगवलं, छापलं. मग त्याचा सदरा शिवला, की कापणारा, शिवणाऱ्या, काज करणाऱ्या, बटण लावणाऱ्या, धागे तोडणाऱ्या, इस्त्री करणारे. हातांचा खरा मेळा या शेवटच्या पायरीवर भरतो. आणि नेमकी तीच पायरी आपण दुसऱ्यांना दिली. आपलं सूत मोठ्या प्रमाणात बांगलादेशाला जातं, तिथं त्याचे कपडे होतात. आज तयार कपड्यांच्या निर्यातीत तो एवढासा देश आपल्या पुढं आहे. तिथं या कामावर मुख्यतः बायका आहेत. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका घरात बसून कांड्या भरायच्या, अम्मीही भरायची. त्या कामाचा हिशेब कुठल्याच वहीत नसे.

२०१० साली सुताचे भाव फार चढले, तेव्हा सरकारनं सुताच्या निर्यातीवर काही काळ मर्यादा घातली. सूतगिरणीवाले ओरडले, मागवाल्यांना हायसं वाटलं. त्या दिवसांत भाईजान वर्तमानपत्रात सुताच्या निर्यातीची बातमी आधी वाचत, क्रिकेटची नंतर. सूत बाहेर गेलं की देशाची निर्यात वाढते आणि आमचा माग महाग सुतामुळं थांबतो. देशाचा फायदा आणि विणकराचा फायदा एकाच बातमीत असे उलटसुलट बसलेले असतात.

मग भिवंडीनं स्वतःच पुढची पायरी का चढली नाही? हा प्रश्न मला अनेकजण विचारतात, काहीसा दोष दिल्यासारखा.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी तेव्हा शाळेत होतो. गिरण्यांचे जुने माग ट्रकवर लादून भिवंडीत येताना आम्ही पाहिले. त्यापूर्वीही भिवंडीत माग होतेच, पण आता कापडाचं काम गिरणीतून उठून गल्लीत आलं. गिरणीत कामगाराला हजेरी, फंड, रजा, युनियन होती. गल्लीत काय होतं? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांची मर्यादा होती. त्याखाली राहिलं की कायदा लागू नाही. म्हणून एकाच छपराखालचे चाळीस माग चार नावांवर असत. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरीही थांबली. गावाकडून आलेला विणकर कारखान्यातच झोपायचा आणि बिसीत जेवायचा. खानावळीला आमच्याकडं बिसी म्हणतात.

कायद्यापासून लपण्यासाठी लहान राहायचं, ही सवय मालकाला सोयीची वाटली. पण लहान राहिलेल्याला परदेशातलं गिऱ्हाईक मिळत नाही. त्याला एकाच रंगाचे, एकाच पोताचे लाखभर मीटर वेळेवर हवे असतात. आठ मागांचा मालक ते कसं देणार? तो शेठकडून सूत घेतो, मजुरीवर ग्रे कापड विणून परत देतो. ते कापड पुढं कुठं गेलं हे त्याला कळतही नाही. देशाच्या निर्यातीत जाणाऱ्या कापडाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग यंत्रमागांचा असतो असं वस्त्रोद्योग खातंच सांगतं. म्हणजे आम्ही निर्यातदार होतो! अब्बांना हे कुणी सांगितलं असतं तर ते खूप हसले असते.

तयार कपड्यांच्या धंद्याला तर सरकारनंच लहान ठेवलं होतं. तो लघुउद्योगांसाठी राखीव होता. ते आरक्षण उठलं २००० च्या वस्त्रोद्योग धोरणात. १ जानेवारी २००५ ला जगातल्या कापडाच्या व्यापारावरचा देशवार कोटा संपला. आता भारताची लाट येणार, असं तेव्हा सगळे म्हणत होते. लाट आली. चीन, बांगलादेश, व्हिएतनाम तिच्यावर स्वार झाले. आम्ही धोट्याचे जुने माग घेऊन काठावर होतो. सगळा दोष सरकारचा असं मी म्हणणार नाही. चांगल्या वर्षांत आमच्या मालकांनी नवे माग घेण्याऐवजी जागा घेतल्या, लग्नं थाटात केली. आमच्या घरातही हेच झालं.

आता वळकडं येतो. इथं गोदामं का आली, याचं उत्तर जकातीत आहे. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे. मग व्यापारी माल महापालिकेच्या हद्दीबाहेर ठेवत, लागेल तसा आत नेत. भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींत जकात नव्हती, महामार्ग जवळ, आणि न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालेलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, तेव्हा अनेकांना वाटलं की आता गोदामंही जाणार. झालं उलटं. पूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकताना केंद्रीय विक्रीकर लागे, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवत. ते कारण संपलं आणि दोन-चार मोठ्या ठिकाणी माल एकवटला. त्यातलं एक ठिकाण भिवंडी. पुढं घरबसल्या खरेदी वाढली, तशी वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या गावांत गाळ्यांवर गाळे उठले.

या गोदामांत चीनचा माल किती असतो हे खोक्यांवरच लिहिलेलं असतं. २०२४-२५ मध्ये चीनशी आपल्या व्यापारातली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. तूट म्हणजे नुसता तोटा, असं मात्र मी मानत नाही. त्या खोक्यांत आपल्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग असतात, औषधांचा कच्चा माल असतो. पण ती खोकी उतरवायला आणि चढवायला जेवढे हात लागतात, त्याहून कितीतरी जास्त हात तो माल बनवायला लागले, आणि ते आपले नव्हते.

वळच्या चहाच्या टपरीवर माझी एका आगरी म्हाताऱ्याशी ओळख आहे. मी दिसलो की, “काय शायर, आज इकडं?” म्हणतो. त्यांच्या खाचरावर गोदाम उभं आहे. भाडं येतं, घर पक्कं झालं. एकदा मी विचारलं, “मुलगा गोदामात लागला का?” तर म्हणाला, “गोदाम आमचं, नोकरी ठेकेदाराची. तो बाहेरून माणसं आणतो. गावची पोरं कटकट करतात म्हणे.” हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, देशात नावाजलेला. पण ठेकेदाराकडून आलेल्या, हातात स्कॅनर घेऊन रॅकमधून माल वेचणाऱ्या पोराला तो आपला वाटत नाही. हमाल म्हणवून घ्यायला तो तयार नाही, आणि कंपनीचा नोकर तो नाही.

सरकारी पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात बेकारी ३.२ टक्के होती. ऐकायला किती बरं वाटतं! पण गरिबाला बेकार राहणं परवडत नाही, तो काहीतरी करतोच. त्याच पाहणीत शेतीवर ४६ टक्के कामकरी आहेत, आणि हे प्रमाण २०१८-१९ पेक्षा वाढलेलं आहे. म्हणजे भिवंडीहून चालत गेलेल्यांतले काही परतलेच नाहीत. त्यांची नोंद बेकारांत नाही. भावाच्या शेतातला तिसरा नांगरकरी म्हणून कुठंतरी असेल.

परदेशातला वारा पहिल्यांदा कुणाला लागतो, हे २०२५ मध्येही दिसलं. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. औषधं आणि मोबाइल फोन त्यातून वगळले होते. कपडे, दागिने, कोळंबी सापडली. जिथं हात जास्त, तिथंच घाव बसला.

त्याच वर्षी मेमध्ये भारतानं बांगलादेशी कपडे जमिनीवरून आणायला बंदी केली. ते न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच यावेत असा नियम केला. त्यानंतर एका रात्री भाईजानना डबा द्यायला मी वळला गेलो होतो. एक खोकं फुटलं होतं, म्हणून ते बाजूला काढून ठेवलेलं. आत सदरे होते, कॉलरला बांगलादेशची पट्टी. भाईजाननी त्यातला एक हातात घेतला, कापड अंगठ्यानं चोळलं, दिव्याकडं धरलं, आणि सवयीनं सुताचा नंबर सांगितला. मग दिवा आणखी जवळ ओढून म्हणाले, “बघ, इथं एक धागा सुटलाय. विणकराला झोप आली असणार.” आणि सदरा घडी घालून परत खोक्यात ठेवला.