रोडग्याची चव धुरात नसते

डिसेंबर सरत आला की अचलपूर-परतवाड्यात बहिरमच्या गोष्टी सुरू होतात. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात ही यात्रा भरते आणि जानेवारीभर चालते. तिथून आलेल्या माणसाला ‘दर्शन झालं का’ याच्या जोडीनं ‘रोडगे खाल्ले का’ हेही हमखास विचारलं जातं. रोडगे, वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण हा बेत वऱ्हाडात शेतातल्या पंगतीला असतो, नवसालाही असतो. हा नवस जुना आहे. संत एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीणही देवीला रोडगाच कबूल करते.

ओव्हन घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होत असलेलं हे बेकिंगच. गहू जाडसर दळायचा, तेलाचं मोहन आणि मीठ घालून घट्ट भिजवायचा. छोट्या पोळ्या लाटून, तेल लावून, एकात एक गुंडाळत गोळा करायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचे निखारे झाले की त्यात गोळे ठेवायचे, वरून गरम राख ओढायची आणि वाट पाहायची. शेवटी राख झटकून, फडक्यानं पुसून, रोडगा फोडून तुपात बुडवायचा.

या वाट पाहण्यात बरंच विज्ञान घडतं. राख उष्णता धरून ठेवते आणि ती हळूहळू आत सोडते. गोळ्याच्या पोटात पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांपुढे जात नाही. ६०-७० अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, म्हणजे रोडगा आतून शिजतो. तेलामुळे पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि वाफ त्यांना सुट्या करते. बाहेरचा पापुद्रा मात्र कोरडा पडून बराच जास्त तापतो. साधारण १४० अंशांनंतर पिठातली प्रथिनं आणि साखर यांची आपसांत रासायनिक क्रिया वेगानं होऊ लागते. तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो तिच्यामुळे. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मेयार क्रिया म्हणतात. भाकरीचा पोपडा, पावाचं कवच, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यांचा खमंगपणा मुख्यतः तिच्यातूनच येतो.

हा वास इतका जवळचा का वाटतो, यालाही कारण आहे. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातं. वासाचा संदेश हा थांबा टाळून, भावना हाताळणाऱ्या अमिग्डलापर्यंत जवळजवळ थेट पोचतो. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसही त्याच्या शेजारीच. म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वऱ्हाडी माणसाला कुठून भाजल्याचा वास आला, तर रोडगा आठवण्याआधी घर आठवतं.

पण त्या आठवणीत धूरही आहे. आमची आजी पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर स्वयंपाक करायची. पावसाळ्यात ओलं सरपण फुंकताना तिचे डोळे लाल व्हायचे. आम्ही काही म्हटलं तर ती म्हणायची, “धूर लागल्याबिगर रोडग्याले चव कुठली येते बाप्पा!” तिनं आयुष्यात कधी विडी हातात धरली नव्हती. तरीही उतारवयात तिला ओटा चढताना दम लागू लागला, खोकला जाईना. डॉक्टरांनी तपासताना पहिलाच प्रश्न विचारला तो ‘चुलीपुढं किती वर्षं बसलात?’ असा.

प्रश्न नेमका होता. गोवरी, काटक्या, पिकांची धाटं जळताना निघणारे सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. हवा खेळत नसलेल्या घरात त्यांचं प्रमाण सुरक्षित पातळीच्या शंभर पटींपर्यंत जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या अशा प्रदूषणामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. श्वासनलिका कायमच्या आक्रसणारा सीओपीडी हा आजार विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही होतो, त्यामागचं एक मोठं कारण चूल आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगाव सिलिंडर पोचले. तरी पाणी तापवायला, भाकरीला, रोडग्यांना चूल पेटतेच.

मग चव सोडायची का? मुळीच नाही. खमंगपणा कोरड्या उष्णतेचा आहे, धूर त्यात वासाची एक छटा तेवढी घालतो. घरच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाऊण तासाच्या आसपास, मध्ये एकदा उलटून, छोटे रोडगे छान होतात. सुरी खुपसून पाहावी. तिला ओलं पीठ लागलं नाही की झाले. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून, मंद आचेवर, फिरवत भाजावेत.

गोवऱ्यांवरच करायचे असतील तर मोकळ्या अंगणात किंवा शेतात करावेत. गोवऱ्या पक्क्या वाळलेल्या असाव्यात. पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा कधीही वापरू नये. धूर पूर्ण बसून निखारे लाल झाल्यावरच रोडगे ठेवावेत. तोवर म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि लहान मुलं यांना लांब बसवावं. उरलेले निखारे थंडीत शेकायला म्हणून बंद खोलीत नेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

खातानाही दोन गोष्टी पाळाव्यात. काळा जळका भाग खरवडून टाकावा. पिठाचे पदार्थ फार भाजले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, हे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं. प्राण्यांमध्ये मोठ्या मात्रेत त्यानं कर्करोग होतो. माणसांबाबत पुरावा तितका ठाम नाही, तरी सोनेरी-तपकिरी रंगावर थांबणं शहाणपणाचं. दुसरं म्हणजे, वरणात हात आखडू नये. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते तुरीत भरपूर मिळतं. मधुमेह असलेल्यांनी रोडगा एकच घ्यावा, तूप बेतानं घ्यावं आणि वांग्याची भाजी वाटीभर जास्त घ्यावी.

आणि यंदा घरी बेत ठरला, तर गोवऱ्यांपुढं बसायची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी.