षटकार मोजू नका. पोरगं फलंदाज होणार का, हे असं ओळखा

इंदापूर : ऊस तुटून मोकळं झालेलं रान, रोलर फिरवून केलेली खेळपट्टी, कडेला मंडप आणि स्पीकरवर समालोचन. दिवाळी झाली की बारामती, इंदापूर तालुक्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्यात एखादं तेरा-चौदा वर्षांचं पोरगं चार षटकार ठोकतं. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरतो आणि सगळे बापाच्या मागे लागतात, "याला पुण्याला अकॅडमीत टाका."

पुण्याला टाकायचं म्हणजे फी, खोलीभाडं, मेस, किट आणि शाळेची ओढाताण. ऊसबिलावर घर चालवणाऱ्या माणसाला हा खर्च सोपा नाही. म्हणून पैसे मोडण्याआधी पोरात खरंच काही आहे का, हे बघायला शिकलं पाहिजे.

आकडा फसवतो

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासूनचा ६२८ धावांचा जागतिक विक्रम मोडला. मात्र समोरच्या संघात वयानं बरीच लहान पोरं होती. पुढं फॉर्म हरवला, तेव्हा वडिलांनीच मुंबई क्रिकेट असोसिएशनला शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. यात पोराचा दोष नाही. एका डावावरून आपण सगळ्यांनीच त्याच्यावर केवढं ओझं टाकलं, ते बघा.

१९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. त्या दिवशी कांबळीच्या धावा जास्त होत्या : ३४९, सचिनच्या ३२६. पुढं सचिन २०० कसोटी खेळला, कांबळी १७. त्या दिवसाच्या स्कोअरबुकात हा फरक कुठंच दिसत नव्हता.

म्हणून धावा ऐकल्या की तीन प्रश्न विचारा. गोलंदाज कोण होते? बाउंड्री केवढी होती? चेंडू कोणता होता?

टेनिस आणि लेदर

चेंडूचा प्रश्न आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा. साधा टेनिस चेंडू ६० ग्रॅमच्या आत असतो, मोठ्या माणसांचा लेदरचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम. टेनिसचा चेंडू उसळून वर येतो, त्यामुळं आडव्या बॅटनं उचलता येतो. लेदरचा चेंडू शिवणीवर पडून आत-बाहेर वळतो, तिथं तीच आडवी बॅट कड देते. शिवाय सहा षटकांच्या सामन्यात प्रत्येक चेंडू मारावाच लागतो. कोणता चेंडू सोडायचा, हे त्या सामन्यात कळतच नाही.

म्हणून टेनिस वाया जातं असं नाही. उजनीच्या पलीकडं माढा तालुक्यात मूळ गाव असलेला केदार जाधव सुरुवातीला टेनिस बॉलच्याच स्पर्धा खेळायचा. पण पोराची पारख करायची तर त्याला लेदरवर निदान काही महिने खेळवून बघा.

अंगापिंडावर जाऊ नका

तेराव्या-चौदाव्या वर्षी काही पोरं एकदम वाढतात. ताकदीच्या जोरावर ती वर्गमित्रांना झोडपतात. दोन वर्षांनी बाकीचेही वाढतात आणि फरक मिटतो. बारीक अंगाचा, पण चेंडू बॅटच्या मधोमध घेणारा पोरगा तेव्हा पुढं निघतो. जन्मतारखेत फेरफार करून लहान गटात घुसवायचा विचारही नको. बीसीसीआय १६ वर्षांखालील गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासते. खोटं सापडलं तर बंदी येते.

कडेला उभं राहून काय बघायचं?

ताशी १२० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि मारायचं. म्हणून ताकदीआधी नजर आणि निर्णय बघा.

१. डोकं : मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा. चेंडू बॅटला लागताना डोकं स्थिर आहे की एका बाजूला पडतंय? स्थिर डोकं ही पहिली चांगली खूण.

२. लांबीची ओळख : पुढं टप्पा पडला की पुढचा पाय, आखूड पडला की मागचा. हे लवकर आणि न गोंधळता होतं का? दोन्ही वेळा पोरगा जागेवरच राहत असेल, तर षटकार गेला तरी काम बाकी आहे.

३. सोडलेले चेंडू : ऑफ स्टंपच्या बाहेरचा चांगला चेंडू सोडतो का? टाळ्या मिळत नसताना सोडणं, यात समज दिसते.

४. स्ट्राईक : चौकार बंद झाले की एकेक धाव काढतो, की वैतागून उचलून मारतो?

५. बाद झाल्यावर : पंचाला, खेळपट्टीला दोष देतो, की कसा बाद झालो ते सांगू शकतो? पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच बाद होतो का?

पाचवी गोष्ट सगळ्यात मोठी. आज किती येतं यापेक्षा सहा महिन्यांत किती सुधारलं, यावरून पोराचा अंदाज येतो. एक वही घाला. प्रत्येक डावात कोणत्या चेंडूवर, कसा बाद झाला, एवढंच लिहा. सहा महिन्यांनी वही स्वतःच बोलेल.

अडचणीत कसा खेळतो, तेही बघा. बीडच्या सचिन धसचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे ४ गडी ३२ धावांत गेले होते. त्यानं ९६ धावा काढल्या, उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना फिरवला.

उशीर झाला म्हणजे संपलं नाही

केदार जाधव भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला तेव्हा २९ वर्षांचा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भाला आणि गोळाफेक करायची. क्रिकेटकडं उशिरा वळली आणि २०२२ मध्ये भारताकडून खेळली. रोहित शर्माला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी आधी ऑफस्पिनर म्हणून घेतलं होतं, बॅटिंग नंतर दिसली. जाणकारालाही पहिल्या नजरेत सगळं कळत नाही. मग चौदाव्या वर्षी आपण "होणार" किंवा "नाही होणार" असा शिक्का का मारायचा?

घरच्यांनी काय करावं?

आधी जवळच सोय बघा. बारामतीच्या मैदानावर २०२० मध्ये रणजीचा सामना झालाय. सरावासाठी लगेच घर सोडायची गरज नाही. सहा महिने लेदरवर खेळवा, वही ठेवा, मग ती वही आणि व्हिडिओ घेऊन दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांना दाखवा. दोघं एकच गोष्ट सांगत असतील तर पुढचा विचार करा.

आपला भाग महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो, त्यामुळं निवड चाचणीची माहिती तिथूनच घ्या. "इतके द्या, पोराला संघात बसवतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि शाळा सोडवू नका. चांगले खेळणारेही हजारो आहेत, संघात जागा अकराच. दहावी-बारावी झालेल्या पोराला क्रिकेटमध्ये यश नाही आलं तरी दुसरी वाट असते.