सोडलेला मासा जगतो का?

मे महिन्याची सुट्टी लागली की वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी आणि घटप्रभा या आपल्या नद्यांच्या डोहांवर गळ घेऊन बसलेली मुले दिसू लागतात. त्यांच्या जोडीला थोरही असतात. गोव्याला किंवा मालवणला पाहुण्यांकडे गेलेली आपली माणसे तिथल्या धक्क्यावरून समुद्रात गळ टाकतात. यात वावगे काही नाही. कष्टाच्या दिवसांनंतरचा हा स्वस्त आणि शांत विरंगुळा आहे. हाती लागलेला मासा बोटभर निघाला, तर कनवाळू माणूस तो परत पाण्यात टाकतो आणि एक जीव वाचवल्याचे समाधान मानतो. तो जीव खरोखर वाचतो का, याचा विचार आज आपण करू.

लहान मासा का सोडावा?

एकदाही अंडी न घातलेला मासा खाणे म्हणजे शेतकऱ्याने पेरणीचे बियाणे दळून खाणे होय. एक किलो वजनाच्या रोहू मादीच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती मादी एक पावसाळा अधिक जगली, तर नदीचे केवढे कल्याण होते पाहा!

हे ओळखूनच सरकारांनी नियम केले आहेत. केरळने २०१५ साली काही माशांची किमान लांबी ठरवून दिली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी तसाच आदेश काढला. त्यानुसार पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा आणि बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो पकडू नये. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते.

मोठ्या जाळ्यात सापडलेले लहान मासे वर येईपर्यंत बहुधा मेलेलेच असतात. त्यांना परत टाकून काही साधत नाही. म्हणून तिथे जाळ्याची आसे मोठी ठेवावी लागतात. गळाचे तसे नाही. गळाला लागलेला मासा जिवंतच हाती येतो, आणि पुढे त्याचे काय व्हायचे ते आपल्या हातांवर अवलंबून असते.

पोहून गेला म्हणजे वाचला नव्हे

गळाने धरून सोडलेल्या माशांवर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. २००५ साली अशा ५३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात सोडलेल्या माशांपैकी शंभरात सरासरी १८ मेले असे दिसले. काही ठिकाणी जवळजवळ एकही मेला नाही, तर काही ठिकाणी बहुतेक सगळे मेले. हा फरक कशाने पडतो? मासा कोठे टोचला गेला, पाणी किती गरम होते, तो किती वेळ पाण्याबाहेर राहिला आणि त्याला कसे हाताळले, यांवर पुष्कळसे ठरते. सोडताच मासा सपकन निघून जातो, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण पुष्कळदा तो काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी मरतो, आणि ते आपल्याला दिसत नाही.

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो त्याचे रोगापासून रक्षण करतो. कोरड्या हातांनी किंवा तापलेल्या खडकाने तो थर निघाला की जखमेत बुरशी धरते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्याचा जीव गुदमरतो. गळाशी झटापट करून दमलेल्या माशाला प्राणवायू अधिक लागतो, पण गरम पाण्यात तो कमी असतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांवर साडेसातच. उन्हाळ्यात भर दुपारी आटलेल्या डोहात सोडलेला मासा जगणे म्हणूनच अवघड.

आपल्याच राज्यातील कावेरी नदीचे उदाहरण घ्या. भीमेश्वरी येथे अनेक वर्षे हौशी लोक मोठाले माहसीर गळाला लावून परत सोडत असत. कावेरीतील माहसीरवर झालेल्या अभ्यासात मृत्यू फार थोडे आढळले. मात्र ज्या माशाला जास्त वेळ झुंजवले, तो सोडताना अधिक गलितगात्र झालेला असे. तरीही त्याच कावेरीतला कुबड्या माहसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. गळवाल्यांच्या नोंदवह्यांतूनच त्याची घट उघड झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांच्यापुढे नुसते सोडून देणे पुरे पडले नाही.

काय करावे?

१. गळाचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. मग गळ चटकन निघतो, माशाला जखम थोडी होते आणि आपल्या बोटांनाही धोका कमी.

२. दोरी हातात ठेवून लक्ष द्यावे. काठी रोवून झाडाखाली झोपले, की मासा गांडुळासकट गळ पोटात गिळतो.

३. गळ खोल गेला असेल तर ओढून काढू नये. तोंडाजवळ तंगूस कापावा आणि मासा तसाच सोडावा. ओढून आतडी फाडण्यापेक्षा अशाने जगण्याची आशा पुष्कळ अधिक.

४. हात आधी पाण्यात भिजवावेत. शक्यतो मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. मासा फेकू नये. दमला असेल तर तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरावा. तो आपण होऊन निघेल.

५. कल्ल्यांतून रक्त वाहत असेल तर मासा बहुधा जगत नाही. नदीतला असा मासा घरी न्यावा आणि तेवढ्यापुरती आपली हौस आवरती घ्यावी.

६. सकाळी लवकर किंवा सायंकाळी बसावे. कालवणापुरते मासे मिळाले की गळ गुंडाळावा.

७. विदेशी मांगूर हाती लागला तर तो परत सोडू नये. त्याच्या पालनास देशात बंदी आहे, कारण तो आपले मासे फस्त करतो.

चढणीचे मासे

मृगाचे पाणी ओढ्याला आले की गाबोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि भाताच्या खाचरांत, ओहोळांत शिरतात. त्या वेळी काठ्या, बुट्ट्या आणि जाळी घेऊन गाव लोटते. चव चांगली असते हे खरे. पण एका रात्रीत आपण पुढच्या अनेक वर्षांचे मासे संपवतो. ओढ्याची वाट जाळ्याने पूर्ण अडवू नये आणि पोट फुगलेली मादी जाऊ द्यावी, एवढे तरी प्रत्येक वाडीने ठरवावे.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पिकावरचे औषध ओतून मारलेला मासा आपल्याच मुलांच्या पोटात जातो आणि ते पाणी आपलीच जनावरे पितात. धरणात व तलावात मासेमारीचा ठेका दिलेला असतो. तेथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

आरोग्यासाठी दोन शब्द

गळ बोटात रुतला तर उलटा ओढू नये. दवाखान्यात जाऊन काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी विचारावे. शिंगाळ्याच्या काट्याची जखमही हलकी समजू नये. तुटलेले गळ आणि तंगूस काठावर टाकू नयेत. ते गवतातून गुरांच्या तोंडात जातात, पायांत अडकतात.

स्वित्झर्लंड देशात २००८ पासून, परत सोडण्याच्याच इराद्याने मासा गळाला लावण्यास मनाई आहे. निव्वळ गंमतीसाठी जीव छळू नये, असा त्यामागचा विचार. आपण तेवढे कडक नियम करावेत असे आमचे म्हणणे नाही. मात्र खायचा मासा लवकर मारावा आणि सोडायचा मासा जगेल असा सोडावा. शेतात कोवळी रोपे उपटून लावताना आपण मुळे जपतो, ओला चिखल राखतो, ऊन टाळतो. तेवढीच काळजी पाण्यातल्या पिकाचीही घ्यावी. या सुट्टीत मुलांच्या हाती गळ देण्याआधी त्याचा उलटा दात तेवढा पकडीने दाबून द्या.