जंतूंची वंशावळ आणि रोगसर्वेक्षण

एका ग्रंथाच्या दोन पोथ्यांत तोच प्रमाद त्याच स्थळी आढळला, तर त्या एकाच पूर्वप्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान पाठचिकित्सक करतो. जंतूंच्या जनुकसंचाचा तौलनिक अभ्यास याच तर्कावर उभा आहे. जंतूची नवी पिढी ही मागील पिढीची नक्कल होय. नकलताना क्वचित एखादे अक्षर बदलते व तो बदल पुढील प्रतींत उतरतो. अशा समाईक बदलांवरून जंतूंची वंशावळ आणि तीवरून साथीचा मार्ग शोधता येतो.

हैतीमध्ये २०१० साली पटकीची साथ उद्भवली. तेथील व नेपाळातील जंतूंचे जनुकसंच जवळजवळ तंतोतंत जुळतात, असे २०११ मध्ये दिसून आले. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या तळाकडे क्षेत्रीय पाहणीने आधीच बोट दाखविले होते. त्या निष्कर्षास यामुळे बळकटी आली.

तथापि वंशावळ म्हणजे साथीचा संपूर्ण इतिहास नव्हे. क्षयजंतूचा जनुकसंच सुमारे ४४ लाख अक्षरांचा असून त्यात सरासरीने दोन वर्षांत एखादाच बदल होतो. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंत १२ हून अधिक अक्षरांचा फरक असल्यास त्यांच्यातील अलीकडचा संसर्ग बहुधा नाकारता येतो. परंतु फरक मुळीच नसला, तरी कोणाकडून कोणास रोग झाला, हे एवढ्यावरून ठरत नाही. येथे घाईने काढलेला निष्कर्ष एखाद्या निरपराध रुग्णावर वा वस्तीवर ठपका ठेवू शकतो. शिवाय जेथून नमुनेच आले नाहीत, तेथील शाखा वंशवृक्षात दिसणार नाही.

पीएच. डी. करू इच्छिणाऱ्यांस खरा वाव आहे तो या ठिकाणी. नमुन्यांतील विषमता गणिताने कशी भरून काढावी, औषधांना न जुमानण्याचा गुण जनुकसंचावरून कितपत ओळखता येईल, सांडपाण्यातील संमिश्र अवशेषांतून निरनिराळे वंश कसे वेगळे करावेत, हे प्रश्न अद्याप पुरते सुटलेले नाहीत. भारतात डिसेंबर २०२० मध्ये करोना विषाणूच्या सर्वेक्षणासाठी 'इन्साकॉग' हा प्रयोगशाळांचा संघ स्थापन झाला. आरंभीच्या दहा प्रयोगशाळांत पुण्याच्या दोन होत्या : राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. अशा कार्यातून जमणारी सामग्री विपुल असते; तिचा अर्थ लावणारे मात्र थोडे. जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र व संगणन यांची तयारी असलेल्या आणि रुग्णालयातील नोंदवहीही तितक्याच काळजीने वाचणाऱ्या विद्यार्थ्याची या क्षेत्रास गरज आहे.