रद्दी टपालाची चाळणी

एका शाळेतली गोष्ट. दहावीतल्या एका मुलीला शिष्यवृत्ती मंजूर झाली. 'विद्यार्थिनीच्या बँक खात्याचा तपशील आठ दिवसांत पाठवावा, अन्यथा रक्कम परत जाईल,' असे पत्र शाळेच्या ई-मेलवर आले. पण ते कोणी वाचलेच नाही, कारण ते नेहमीच्या पेटीऐवजी 'स्पॅम' नावाच्या पेटीत जाऊन पडले होते. बाईंच्या नजरेस पडेपर्यंत अठरा दिवस उलटले होते. गंमत अशी, की त्याच आठवड्यात आलेले 'आपल्याला २५ लाखांची लॉटरी लागली आहे' हे पत्र मात्र नेहमीच्या पेटीत ऐटीत बसले होते!

संगणकाने असा उफराटा न्याय का केला? हे समजण्यासाठी नकोशी पत्रे एवढी येतात तरी का, ते आधी पाहू.

घरी टपालाने जाहिरातीचे कागद येतात. पण प्रत्येक कागदामागे छपाईचा आणि टपालाचा खर्च असतो, म्हणून पाठवणारा हात राखून पाठवतो. ई-मेलमध्ये हा लगाम नाही. शंभर पत्रे पाठवा नाहीतर लाख, खर्चात फारसा फरक पडत नाही. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. हे पहिले रद्दी ई-पत्र मानले जाते.

असल्या पत्रांना फसते तरी कोण? २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशी पत्रे पाठवणाऱ्या एका जाळ्यात शिरून मोजणी केली. औषधांची जाहिरात करणारी सुमारे ३५ कोटी पत्रे २६ दिवसांत गेली आणि खरेदीपर्यंत पोचलेली माणसे निघाली अवघी २८! म्हणजे सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक. तरीही धंदा चालतो, कारण पत्रे बहुधा दुसऱ्यांच्याच संगणकांचा चोरून ताबा घेऊन पाठवलेली असतात. खर्च आणि मनस्ताप बाकीच्यांनी सोसायचा.

मग पाठवणाऱ्यालाच का पकडत नाहीत? पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव लिहून ते पेटीत टाकता येते. पोस्टमन काही ते तपासत नाही. १९८२ मध्ये ठरलेल्या ई-मेलच्या नियमांतही प्रेषकाची खातरजमा करण्याची सोय नव्हती. पुढे पत्रावर पाठवणाऱ्या संस्थेची न दिसणारी मोहोर उमटवण्याच्या पद्धती निघाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. पण मोहोरेवरून पत्र कोठून आले एवढेच कळते. ते कामाचे की रद्दी, हे नाही. त्यासाठी आतला मजकूरच पाहावा लागतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे वाईट शब्दांची यादी करायची. 'लॉटरी' दिसले की पत्र रद्दीत. पण ठकसेन 'लॉ-ट-री' असे लिहून निसटतो, आणि लॉटरीच्या दुष्परिणामांवर निबंध पाठवणारा विद्यार्थी नाहक अडकतो. म्हणून यादीपेक्षा मोजणी बरी. तिच्यामागचे गणित थॉमस बेज या इंग्लिश धर्मोपदेशकाचे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये संशोधकांनी ते ई-मेलला लावून पाहिले आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरच्या लेखामुळे त्याचा बराच प्रसार झाला.

आपणही हे गणित करून पाहू. समजा, शाळेत आलेली १०० पत्रे आपण स्वतः वाचून वेगळी केली. त्यांत ६० रद्दी निघाली आणि ४० कामाची. 'खाते' हा शब्द ३० रद्दी पत्रांत आढळला, पण कामाच्या फक्त २ पत्रांत. आता नवे पत्र आले आणि त्यात 'खाते' आहे. ते रद्दी असण्याची शक्यता किती? 'खाते' असलेली पत्रे एकूण ३२. त्यांतली ३० रद्दी. म्हणजे शक्यता सुमारे ९४ टक्के. शिष्यवृत्तीचे पत्र इथेच अडकले!

पण त्यात 'विद्यार्थी' हाही शब्द आहे. तो रद्दी पत्रांपैकी ३० त एका पत्रात आढळतो, आणि कामाच्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत. मग 'खाते' असलेल्या ३० रद्दी पत्रांपैकी १ पत्रात, आणि २ कामाच्या पत्रांपैकीही १ पत्रात दोन्ही शब्द असतील असे धरता येते. एकास एक! ९४ टक्क्यांचा संशय एका शब्दाने ५० टक्क्यांवर आला. 'मुख्याध्यापक', 'इयत्ता' असे आणखी शब्द भेटले की तो आणखी खाली येईल. (दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही असे आपण इथे गृहीत धरले. ते पूर्ण खरे नसते, पण काम भागते.) आजच्या मोठ्या ई-मेल सेवा याहून गुंतागुंतीच्या रीती वापरतात, तरी आधीच्या उदाहरणांवरून शिकायचे, हे सूत्र तेच.

आता खरा प्रश्न. किती टक्के संशय असला की पत्र रद्दीत टाकायचे? ५० टक्क्यांवर रेघ मारली तर रद्दी फारशी सुटणार नाही, पण कामाची पत्रेही बरीच जातील. ९९ टक्क्यांवर मारली तर कामाची पत्रे वाचतील, पण थोडी रद्दी आत येईल. चाळणीची भोके बारीक केली की कोंड्याबरोबर दाणेही वरच राहतात. दोन्ही चुका सारख्या नाहीत. रद्दी पत्र आत आले तर एक क्षण वाया जातो. कामाचे पत्र बाहेर गेले तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती जाते. रेघ कोठे मारायची हे गणित सांगत नाही. कोणती चूक किती महाग, हे माणसानेच ठरवायचे असते.

वर्गात हा खेळ जरूर घ्या. मुलांकडून दहा रद्दी आणि दहा खरी पत्रे चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. गटागटांनी शब्द मोजून तक्ता करावा. मग पाच नव्या चिठ्ठ्या देऊन केवळ तक्त्यावरून निवाडा करायला सांगा. कोणती चिठ्ठी चुकीच्या ढिगात गेली, आणि का? खरे शिक्षण या चर्चेतच होते.

आणि आपल्या स्वतःच्या पेटीचे काय? रद्दी पत्र नुसते पुसू नका. त्यावर 'स्पॅम' अशी खूण करा, म्हणजे चाळणी शिकते. अनोळखी पत्राला उत्तर देऊ नका, त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. आपला पत्ता चालू आहे, एवढे कळले तरी आणखी पत्रे येऊ लागतात. 'पत्रे बंद करा' ही सोय ओळखीच्या संस्थेच्या पत्रातच वापरा. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमची पेटी उघडून पाहा. जीमेलमध्ये तिथली पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. एखादे कामाचे पत्र सापडले तर 'हे स्पॅम नाही' असे चाळणीला सांगा.

त्या शाळेतल्या बाई आता दर सोमवारी परिपाठानंतर हेच करतात. पाच मिनिटे पुरतात.