६१ डॉलर ४० सेंट

गुरुवार, १४ मे २०२०. त्या दिवसांत मी रोजचं टिपण ठेवत होते. उद्या ऑडिटवाल्यांनी विचारलं, तर नुसत्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? त्यातलाच हा एक दिवस.

सकाळी सव्वासहा. बेसमेंटमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी चहा. मिशिगनमध्ये २४ मार्चपासून घरबंदी आहे. तेव्हापासून आमच्या विद्यापीठाचं फायनान्शियल एड ऑफिस जो तो आपापल्या घरातून चालवतोय. रात्रीतून माझ्या वाट्याला सदतीस अर्ज आलेत. मुलं रात्री दोन-तीनला अर्ज भरतात. दिवसा धीर होत नसावा.

हा पैसा केअर्स कायद्याचा, म्हणजे करोनाच्या मदतीचा. २७ मार्चला कायदा झाला, त्यात उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर. त्यातला ९० टक्के वाटा सूत्राप्रमाणे थेट कॉलेजांना, आणि त्याचा किमान अर्धा भाग, म्हणजे सुमारे ६.२८ अब्ज, रोख मदत म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचा. जेवण, भाडं, पुस्तकं, लॅपटॉप, दवाखाना, मुलांचं पाळणाघर, यांपैकी कशासाठीही. अट एकच, खर्च कॅम्पस बंद पडल्यामुळे ओढवलेला हवा. कुणाला किती द्यायचे ते कॉलेजने ठरवावं. हे शेवटचं वाक्य वाचून आमच्या डायरेक्टरबाईंना बरं वाटलं होतं. मला धडकीच भरली होती.

पेल ग्रँट मिळणाऱ्या, म्हणजे सरकारी हिशेबाने गरीब ठरलेल्या मुलांना आम्ही न विचारताच प्रत्येकी ५०० डॉलर पाठवून दिले. बाकीच्यांसाठी ऑनलाइन अर्ज. अर्जात चार रकाने: काय अडचण आली, कशावर खर्च होईल, किती रक्कम हवी, आणि सही.

आजचा अकरावा अर्ज. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. अडचणीच्या रकान्यात तिने लिहिलंय, ‘घरी इंटरनेट नव्हतं. परीक्षेसाठी घेतलं.’ पुढे, ‘इंटरनेटचं बिल.’ रक्कम: ६१.४०. सोबत बिलाचा फोटो, कडेला तिचा अंगठा आलेला.

तिची फाइल उघडली. वडिलांचं छोटं हॉटेल, म्हणजे मार्चपासून टाळं. पण फॅफ्साच्या, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीच्या, अर्जात २०१९-२० या वर्षासाठी उत्पन्न धरलं ते २०१७चं. त्या वर्षी हॉटेल बरं चाललं होतं. त्यामुळे तिच्या घराची ‘अपेक्षित जबाबदारी’ निघाली ५,८१२. पेलची रेष ५,५७६ला. अडीचशेहूनही कमी फरकाने ती सरकारी गरिबीतून बाहेर पडली, आणि न मागता मिळणारे ५०० हुकले. आणि आता मागायची वेळ आली, तर तिने मागितले किती, ६१ डॉलर ४० सेंट.

बारावा अर्ज एका मुलाचा. दोन परिच्छेद, सुरेख इंग्रजी, मथळे पाडलेले, रक्कम २,५००. तो खोटं लिहीत असेल असं मला वाटत नाही. त्याला मागता येतं, एवढंच. तेही शिकायला घरात कुणीतरी शिकलेलं लागतं.

साडेसात. कऱ्हाडहून आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे पाच. ‘अगं, सरकारने पैसे दिले म्हणतेस, मग वाटून मोकळं व्हायचं. एवढं काय दिवसभर बसायचं त्यात?’ मी म्हटलं, ‘आई, बाबांनी माझ्या ईबीसीच्या सवलतीसाठी किती हेलपाटे घातले होते?’ ती हसली. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायला बाबा तीनदा गेले होते. तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले म्हणून ते दोन तास पायरीवर बसून राहिले. दाखला मिळाला, सवलतही मिळाली, पण त्या पायरीबद्दल बाबा पुढे कधी एक अक्षर बोलले नाहीत. आमचा हा अर्ज घरबसल्या भरता येतो, पायरी नाही, ही सुधारणा खरीच. पण रकमेचा तो रकाना मला पायरीसारखाच वाटायला लागलाय.

नऊ. झूमवर सगळे. कुणाचा कुत्रा, कुणाचं बाळ. दहा मिनिटांत आटोपलं.

दहा. आठवड्यातून एकदा एकाने ऑफिसात जाऊन टपाल बघायचं, आज माझी पाळी. मास्क लावून निघाले. कॅम्पसवर चिटपाखरू नाही, म्हणजे माणूस नाही. पार्किंगच्या जागेत रानहंसांची जोडी पिवळी पिल्लं घेऊन फिरत होती, आणि आपण ‘फॅकल्टी ओन्ली’च्या पाटीखाली उभे आहोत याचं त्यांना काही नव्हतं. गाडी जवळ नेली तर नर माझ्याच अंगावर फिस्कारला.

टपालाच्या खोलीत रबरबँड लावलेला गठ्ठा. परत आलेले चेक. ज्यांनी बँक खातं जोडलेलं नाही, त्यांना आम्ही कागदी चेक पाठवले, आणि ते गेले नोंदीतल्या पत्त्यावर. नोंदीतला पत्ता कुठला? हॉस्टेलचा. आणि हॉस्टेल तर आम्हीच मार्चमध्ये रिकामं करायला लावलेलं. प्रत्येक पाकिटावर टपालखात्याची पिवळी चिकटपट्टी: पाठवणाऱ्याकडे परत. एकेक पाकीट उलटून नावं उतरवून घेतली. खिडकीच्या पाकिटातून ‘पे टू द ऑर्डर ऑफ’ डोकावतं, आत ५०० डॉलर, आणि ज्याचे ते, तो कुठल्यातरी मावशीच्या सोफ्यावर झोपत असेल. ही चूक आमचीच. पत्ते एकदा विचारून घ्यायला हवे होते, पण आम्हाला घाई झाली होती. लोक म्हणतात सरकारी पैसा हळू येतो. हा इतका भरभर आला की आम्हीच मागे पडलो.

साडेबारा. घरी. डब्यातला भात गरम करत असताना फोन. ऑफिसच्या लाइनवरून मोबाइलवर वळवलेला, म्हणून इंग्रजीत सुरुवात केली. पलीकडून तेवढंच अवघडलेलं इंग्रजी. माझं नाव ऐकल्यावर तो थांबला. ‘मॅडम, तुम्ही मराठी का?’

जळगावचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला, ऑगस्टमध्ये संपणार. ‘तो रिलीफचा फॉर्म माझ्या लॉगिनला उघडतच नाही मॅडम. काहीतरी एरर येतेय.’

ती एरर नव्हती. २१ एप्रिलला शिक्षण खात्याने खुलासा काढला, की हा पैसा फक्त फेडरल मदतीला पात्र असणाऱ्यांनाच द्यायचा. म्हणजे नागरिक किंवा ग्रीनकार्डवाले वगैरे. परदेशी विद्यार्थी बाद. लहानपणी आईबापांबरोबर कागदांविना आलेली, इथेच वाढलेली मुलंही बाद. कायद्याच्या मजकुरात ही अट स्पष्ट लिहिलेली नव्हती. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं त्यावरून कोर्टात गेली आहेत. पण आम्ही कॅलिफोर्नियात नाही, आणि आमचे वकील सावध माणूस.

‘बाळा, तो तुझ्यासाठी नाहीये,’ मी म्हटलं. हे वाक्य इंग्रजीत रोज दहादा म्हणते, जड जात नाही. तिथे तयार शब्द असतात, ‘अनफॉर्च्युनेटली’पासून सुरू होणारे. मराठीत सरळ नाहीच म्हणावं लागलं.

तो कॅम्पसच्या मेसमध्ये आठवड्याला वीस तास काम करायचा. विद्यार्थ्याच्या व्हिसावर सत्र चालू असताना तेवढंच चालतं, तेही कॅम्पसवर. मेस बंद, कॅम्पस बंद. बाहेर काम केलं तर व्हिसा धोक्यात. घरी जावं तर मार्चपासून विमानं बंद, आणि अडकलेल्यांना मायदेशी नेणारी ‘वंदे भारत’ची विमानं सुरू होऊन जेमतेम आठवडा झालेला. ‘आणि तिकीट काढून गेलो तर प्रोजेक्ट कसं संपवू, ताई?’ मॅडमची ताई कधी झाले मला कळलं नाही.

जे मी त्याला सांगितलं नाही ते असं. कुठल्या कॉलेजला किती पैसे, हे सरकारने सूत्राने ठरवलं: ७५ टक्के वजन पेलवाल्या मुलांच्या संख्येला, २५ टक्के बाकीच्यांच्या. त्या बाकीच्यांत परदेशी मुलंही धरलेली आहेत. म्हणजे पैसे आणताना आम्ही त्याचं डोकं मोजलं, वाटताना वगळलं.

विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे देणगीतून जमलेला एक छोटा निधी आहे, त्याला ही अट लागत नाही. त्याची लिंक पाठवली, कुणाला लिहायचं ते सांगितलं, फूड पँट्रीच्या वेळा सांगितल्या. तो ‘थँक यू ताई’ म्हणाला. भात पुन्हा गार झाला होता.

(नियम पुढे बदलला. नव्या सरकारच्या काळात परदेशी विद्यार्थ्यांनाही ही मदत देता येईल असा अंतिम नियम निघाला. राजपत्रातली तारीख १४ मे २०२१. टिपणं चाळताना लक्षात आलं, बरोबर वर्ष झालं होतं. मी त्या मुलाला विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल केली. ती परत आली. डिग्री घेऊन गेलेल्याचं खातं आम्ही बंद करतो.)

सव्वा. एका आईचा फोन, मुलाच्या अर्जाचं काय झालं. मुलगा सज्ञान, त्याच्या लेखी परवानगीशिवाय मी त्याचा अर्ज आहे की नाही हेसुद्धा सांगू शकत नाही. त्या चिडल्या. साहजिक आहे.

दोन. समितीची बैठक. मी अकराव्या अर्जाचं सांगितलं, नाव न घेता, आणि रकमेचा रकाना काढून टाका म्हटलं. अकाउंट्सचे गृहस्थ सज्जन आहेत, पण त्यांचा मुद्दा पक्का: ‘तिने एकसष्ट मागितले, बिल जोडलं. तिला एकसष्ट द्या. ऑडिटला यापेक्षा स्वच्छ फाइल कुठली?’

फाइल स्वच्छ होती, यात वाद नाही. मी म्हटलं, आपण पेलच्या मुलांना काहीही न विचारता ५०० दिले. त्यांच्यापेक्षा हिचं घर सरकारी गणितात अडीचशेने वर, तेही तीन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर. तिला एकसष्ट आणि सफाईने लिहिणाऱ्याला अडीच हजार दिले, तर आपण गरज तपासत नाही, निबंध तपासतोय.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. झूमवर शांतता झाली की कोण म्यूटवर आहे आणि कोण विचार करतंय हे कळत नाही.

कुणीतरी म्हणालं, मग सगळ्यांनाच सारखे का नको? बऱ्याच कॉलेजांनी तसं केलं, आणि मला त्यांना नावं ठेववत नाहीत. रातोरात पैसे पोहोचतात. पण लहान मूल पदरात असलेली विद्यार्थिनी आणि आईबापांच्या घरी आपल्या खोलीत परतलेला मुलगा यांना एकाच मापाने मोजायचं, हेही माझ्या पचनी पडत नाही. कमाल किती द्यावी याबद्दल शिक्षणमंत्री बेट्सी डिव्हॉस यांनी ९ एप्रिलच्या पत्रात सुचवलं होतं, पेलच्या कमाल रकमेचा, ६,१९५ डॉलरचा, विचार करा. (बाई आमच्या मिशिगनच्याच. त्यामुळे इथे त्यांच्याबद्दल प्रत्येकाला मत आहे.) किमान किती, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही.

अखेर डायरेक्टरबाईंनी तोडगा काढला: मंजूर झालेल्या कुणालाही ५००पेक्षा कमी द्यायचे नाहीत, मूल पदरात असेल तर जास्त, आणि रकमेचा रकाना उद्यापासून काढायचा. अकाउंट्सचे गृहस्थ म्हणाले, ‘हे लिहून ठेवा.’ मी लिहून ठेवलं. तेच हे टिपण.

साडेचार. बॅचची चाचणी. हे काम कुणाला दिसत नाही आणि इथेच खरा घोळ होतो. आमच्या प्रणालीचा स्वभाव असा, की मुलाच्या खात्यात पैसा पडला की आधी विद्यापीठाचं येणं वळतं करून घ्यायचं. आमच्या गावाकडे ऊसबिलातून सोसायटीचं कर्ज कापून घेतात, तसंच. या पैशाला ते चालत नाही, पूर्ण रक्कम मुलाच्या हातात गेली पाहिजे. त्यासाठी वेगळा कोड तयार केलाय. एप्रिलमधल्या पहिल्या चाचणीत एका खात्यात ५००चे ४६५ झालेले दिसले होते. दोन तास शोधल्यावर कळलं, ३५ डॉलर पार्किंगच्या दंडात गेले. बाकी सगळी देणी कोडने अडवली होती, पार्किंगचं खातं विसरलो होतो. आज नवीन अर्जांची सगळी खाती एकेक करून पाहिली. पार्किंगवर आडवी रेघ. ठीक.

सहा ते नऊ घर. स्वयंपाक, मुलाचा गणिताचा गृहपाठ, दारापुढची फेरी. मे महिन्यात इथे पावणेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस संपला असं वाटतच नाही.

नऊ वाजून चाळीस. आज मंजूर झालेल्यांना आपोआप सूचना गेल्यात. पैसे खात्यावर पडायला दोन-तीन दिवस लागतील. झोपण्याआधी एकदा इनबॉक्स बघायची वाईट सवय. एक उत्तर आलेलं. अकराव्या अर्जाची मुलगी.

‘तुमच्याकडून काहीतरी चूक झालेली दिसते. मी ६१.४० मागितले होते, पत्रात ५०० लिहिलेत. जास्तीचे ४३८.६० मी कुठे परत पाठवायचे?’

वजाबाकी करून पाठवली होती. मीही ताळा करून पाहिला. बरोबर होती.

तिला लिहिलं, की चूक नाही, रक्कम समितीने ठरवली आहे आणि ती पूर्ण तुमची आहे. मग वाटलं, एवढ्याने तिचं समाधान व्हायचं नाही. म्हणून खाली आणखी एक ओळ टाकली: आणि हे पैसे परत घेण्यासाठी आम्ही कोडच बनवलेला नाही.